ओढ्यापलीकडची वस्ती

"ठरावाच्या विरोधात असलेल्यांनी कार्ड वर करा," सभाध्यक्ष लायमन म्हणाला, आणि मी सहज मान वळवून मागे पाहिलं. शेवटून दुसऱ्या रांगेत, लोकरीच्या टोप्यांच्या गर्दीत, नऊवारीवर माझ्या नवऱ्याचा जुना जाड कोट चढवून माझ्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांचं पिवळं कार्ड सगळ्यांत वर होतं. हात अगदी ताठ, उत्तर येत असलेल्या शाळकरी मुलीसारखा.

ठराव आमच्या पुलाचा होता, आणि त्या विरोधात हात वर करून बसल्या होत्या.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो असा डोळ्यांसमोर पाहायची वेळ कुणावर येऊ नये. मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली, शेवटी लाज सोडून ओठांनी "खाली घ्या" असंही म्हटलं. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. दोन मोजणीदार रांगांतून फिरले, त्यांच्याही कार्डावरून बोट पुढे सरकलं. लायमनने चष्मा लावून आकडे वाचले. बाजूने त्रेसष्ट, विरोधात चौसष्ट.

"ठराव फेटाळला आहे," तो म्हणाला. "जेवून घ्या. पुढचा ठराव जेवणानंतर."

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. ॲशकोट हे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं डोंगरातलं गाव, माणसांपेक्षा गाई जास्त. तिथे नगरसेवक वगैरे भानगड नाही. वर्षभराचं किरकोळ काम निवडून दिलेले तीन पंच बघतात. पण रस्ता कुठला करायचा, कर किती लावायचा, हे मार्चच्या पहिल्या मंगळवारी सगळं गाव एका लाकडी सभागृहात जमून स्वतः ठरवतं. मतदार यादीत नाव असलं की दारात पिवळं कार्ड मिळतं आणि ते वर करायचं. आपल्या ग्रामसभेसारखंच. फरक एवढाच, की इथे लोक खरोखर येतात. बायका विणकाम घेऊन येतात, पुरुष चिखलाचे बूट घालून येतात, आणि दुपारी प्रत्येकाने घरून आणलेल्या पदार्थांची पंगत होते.

आमचं घर ओढ्यापलीकडे. तिथे एकूण सहा घरं, आणि त्यांना जोडणारा एकच पूल. त्याचे खांब कुजले होते. दुरुस्ती झाली नाही तर नोव्हेंबरपासून गाड्यांना बंद, अशी राज्याच्या इंजिनिअरची नोटीस खांबावर चिकटवलेली होती. दुसरी वाट डोंगरावरून जायची आणि बर्फ पडला की वसंतापर्यंत गाडली जायची. मी घरात पाळणाघर चालवत होते. पाच पोरं रोज सकाळी त्याच पुलावरून यायची आणि त्यांच्यावर आमची चूल पेटायची. विलासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जाऊन दोन हिवाळे झाले होते. ते घर त्याने स्वतः फळ्या ठोकून उभं केलं होतं. पूल बंद म्हणजे पाळणाघर बंद, आणि पाळणाघर बंद म्हणजे विलासचं घर सोडून कुठल्या तरी शहरातल्या दोन खोल्यांत जायचं. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, हे सगळं ठाऊक होतं. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

मी त्यांना सभागृहाच्या मागच्या बाजूला गाठलं, जिथे ओले कोट टांगलेले असतात.

"आत्याबाई, हे काय केलंत?"

त्या कार्डाकडे बघत होत्या.

"एका मताने हरलो आपण. एका! तुमच्या!"

"व्हय," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कळलं नाही का कसला ठराव होता ते? सकाळी तीन तीनदा सांगितलं होतं."

"कळलं व्हतं."

"मग?"

"अर्लनं हात वर केला, उजू. माझा बी गेला."

अर्ल हा गावाच्या रस्त्यांचा प्रमुख. बर्फ काढायचा ट्रक तो चालवायचा, आणि पहाटे आमच्या दाराशी आला की आत्याबाई त्याला खिडकीतून आल्याचा चहा द्यायच्या. तो इंग्रजीत बोलायचा, त्या साताऱ्याच्या मराठीत, आणि दोघंही समाधानाने निरोप घ्यायची. मी सभागृहात पंगतीच्या मांडामांडीला लवकर आले होते, म्हणून आत्याबाईंना आणि त्यांच्या मसालेभाताच्या भांड्याला अर्लनेच ट्रकमधून आणलं होतं. साहजिकच त्या त्याच्या शेजारी बसल्या. आणि अर्ल पुलाच्या विरोधात होता. तसं तो उघड उभा राहून म्हणालाही होता, "माझ्या ट्रकचा गिअरबॉक्स गेलाय. एका वर्षात गावाला दोन्ही झेपणार नाही. पुलापलीकडे सहा घरं आहेत. ट्रक सगळ्या गावाचे रस्ते साफ करतो." त्याचं काही चुकलं होतं असं नाही. म्हणून तर जास्त राग येत होता.

"अर्लने विहिरीत उडी मारली तर तुम्ही पण मारणार?" मी म्हणाले. सासूशी मी असं कधी बोलले नव्हते. "परीक्षेचे शंभर प्रश्न ओव्यांसारखे पाठ करून इथल्या नागरिक झालात ना? ते याच्यासाठी? तुमच्या पोराचं घर आहे ते!"

आपलेच दात, आपलेच ओठ. मी तोंड फिरवलं आणि रडू आवरायला कोणाचा तरी ओला कोट नीट टांगत बसले.

तेवढ्यात रूथ आली. ही ओढ्यापलीकडचीच आमची शेजारीण, पंचाहत्तरीची, बोटांत सदैव अर्धा विणलेला मोजा. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आत्याबाईंकडे.

"हिने विरोधात मत दिलं?" तिने मला विचारलं.

"हो," मी म्हणाले. "आता तूही बोल काय बोलायचं ते."

रूथचा विणायचा हात थांबला. "आपल्यातल्या आणखी कुणी दिलंय का?"

"आणखी कोण देणार? एवढं पुरे नाही का?"

"उजाला," माझं नाव तिच्या तोंडी असंच यायचं, "ही बाई सोडून आपल्याला आता कुणाचाच उपयोग नाही."

मग तिने नियम सांगितला. एकदा निकाल लागलेला ठराव परत उघडता येतो, पण पुढचा ठराव हाती घ्यायच्या आत. आणि फेरविचाराची मागणी हरलेल्या बाजूचा माणूस करूच शकत नाही. नाहीतर हरणारा दर वेळी रडीचा डाव खेळत बसेल आणि सभा संपायची नाही. मागणी जिंकलेल्या बाजूला मत दिलेल्या माणसानेच करायची. आपलं मन बदललंय असं जिंकणाऱ्याने म्हटलं, तरच गावाने पुन्हा विचार करायचा.

"आपल्यापैकी जिंकलेल्या बाजूला फक्त हीच आहे," रूथ म्हणाली. "तिला उभं राहून ते म्हणावं लागेल. जेवण संपलं, लायमनने पुढचा ठराव वाचला, की दार बंद."

मी हे मराठीत सांगितलं. रागात होते, तरी नीट सांगितलं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मलाच म्हणाया लागंल? तू न्हाई?"

"मी हरलेल्या बाजूची. मला तोंड उघडता येत नाही."

"आन मी विरोधात हात वर केला, ते समद्यांफुडं सांगाया लागंल?"

"हो."

पलीकडे पंगत सुरू झाली होती. वाटाण्याएवढ्या पांढऱ्या घेवड्यांची गोडसर उसळ, डुकराचं मांस, पाव, सफरचंदाचं सारण भरलेले ॲपल-पाय, आणि त्यांच्या मधोमध आत्याबाईंचा मसालेभात, ज्याला लोक अजून लांबूनच सलाम करत होते.

"शिकीव," आत्याबाई म्हणाल्या.

त्या दुपारी आम्ही दोघी जेवलो नाही. कोटांच्या आडोशाला मी वाक्य म्हणायची, त्या म्हणायच्या. मी जिंकलेल्या बाजूला मत दिलं. मी या ठरावाच्या फेरविचाराची मागणी करते. इंग्रजीत दोनच वाक्यं, पण 'रिकन्सिडर' हा शब्द त्यांच्या जिभेला वळेना.

"लई तिरपागडा शबूद हाय ह्यो."

"आत्याबाई, मराठीत म्हणा. मी भाषांतर करते. चालतं इथे."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मागनं म्हणतील, सुनंनं काय बी सांगितलं. माझं मीच म्हणणार." आणि पुन्हा सुरुवात केली. रूथ मोजा विणत पहारा देत होती. लायमन जेवून उठला तसा तिने सुईनेच माझ्या कोपराला ढोसलं.

लायमनने हातोडी आपटली. खुर्च्या खरखरल्या. बरेच लोक दूध काढायला घरी गेले होते, त्यात आमच्या बाजूचेही होते. तो कागद उचलून पुढचा ठराव वाचणार, एवढ्यात आत्याबाई उभ्या राहिल्या. त्या आता माझ्या शेजारी होत्या. मी त्यांचा हात धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला.

"मिस्टर मॉडरेटर!"

एवढा मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. त्यांनी दोन्ही वाक्यं म्हटली. तिरपागडा शब्द दोन तुकड्यांत आला, पण आला.

लायमनने चष्मा काढला. "मिसेस भोईटे," तो म्हणाला, आणि आडनाव त्याने जवळजवळ बरोबर उच्चारलं, "तुम्ही पुलाच्या विरोधात मत दिलंत?"

"येस."

"लायमन, हे कशावरून?" मागून एक जाड आवाज आला. धान्याच्या दुकानातला माणूस होता. "पूल तर हिच्याच दारातला आहे. स्वतःच्या पुलाच्या विरोधात कोण मत देईल? सुनेने शिकवून उभी केलीय."

कुजबुज वाढली. मी उठून सांगणार होते की मी स्वतः पाहिलं. पण माझ्या सांगण्याला कोण विचारतो? कार्डं वर करून घेतलेलं मत कुठे लिहिलेलं नसतं. मोजणीदारांनी डोकी मोजली होती, चेहरे नाही. लायमननेही खांदे उडवल्यासारखं केलं. आत्याबाई तशाच उभ्या होत्या, आणि लोक त्यांच्याकडे खोटारडीकडे बघावं तसं बघत होते.

मागे एक खुर्ची सरकली. अर्ल उभा राहिला. त्याला उठायला वेळ लागायचा, गुडघे गेलेले.

"ती माझ्या शेजारी बसली होती," तो म्हणाला. "माझं कार्ड वर गेलं आणि मग तिचं गेलं. मी पाहिलं. मला नवलही वाटलं होतं."

"अर्ल, नक्की?" लायमनने विचारलं. अर्लच्या या एका वाक्याने काय होणार हे त्या खोलीत प्रत्येकाला कळत होतं, आणि अर्लला सगळ्यांत जास्त.

"ट्रक मलाच हवाय, लायमन," अर्ल म्हणाला. "पण तिने विरोधात मत दिलं." आणि तो खाली बसला.

मागणी ग्राह्य धरली गेली. आता ठराव पुन्हा उघडायचा का, यावर आधी मत घ्यायचं होतं, ते आवाजी झालं आणि 'हो' जोरात आलं. मला वाटतं निम्म्या लोकांना फक्त कुतूहल होतं, ही म्हातारी आता काय म्हणते याचं.

"बोला, मिसेस भोईटे," लायमन म्हणाला. "मन का बदललं?"

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "आता तू सांग त्यांना. मी बोलती तसंच सांग. पदरचं घालू नगंस."

आणि त्या बोलू लागल्या. एकेक वाक्य बोलून थांबायच्या, मी इंग्रजीत सांगायची.

"आमच्या गावाकडं मी पंचायतीची मेंबर व्हते. पाच वर्सं. बाईची जागा निघाली, म्हणून मला उभी केली. मीटिंगला माझे दीर शेजारी बसायचे. त्यांचा हात वर गेला की माझा जायचा. मग मी सही करायची."

एवढं मला ठाऊक होतं. विलास त्यावरून त्यांना चिडवायचासुद्धा, 'सहीवाल्या मेंबर' म्हणून.

"आमच्या गावाला बी वढा हाय. वढ्यापलीकडं सात घरांची वस्ती. तितल्या बाया माझ्याकडं आल्या. म्हणल्या, हौसाक्का, तुमी मेंबर हाय, आमाला एक साकव बांधून द्या. पावसाळ्यात पोरांची शाळा बुडती. मी म्हणलं, बगू."

साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, असं मी सांगितलं.

"मीटिंगला दीर म्हणाले, सात घरांसाटी एवढा पैसा? आदी गावातला रस्ता करू. त्यांचा हात वर गेला. माझा बी गेला." त्या थांबल्या. "दीर काय वंगाळ माणूस न्हवते. रस्ता बी लागतच व्हता. अर्ल बी चांगला माणूस हाय. ट्रक बी लागतोच."

अर्लने मान खाली घातली होती.

"त्याच पावसात त्या वस्तीवरची तारा बाळंतपणात अडली. माझ्याकडं आलेल्या बायांत ती व्हती. वढा भरून चालला व्हता. अलीकडं बैलगाडी हुबी, पलीकडं ती. सकाळी पाणी उतरलं. ती वाचली, पोर न्हाई वाचलं. मी तिला भेटाया गेले न्हाई. मला तोंड न्हवतं."

हे मला माहीत नव्हतं. विलासलाही नसावं. माझं भाषांतर अडखळलं. आत्याबाईंनी कोपराने ढोसलं, "सांग की." मी सांगितलं. 'पदरचं घालू नको' हे लक्षात होतं, म्हणून जेवढं त्या म्हणाल्या तेवढंच सांगितलं.

"आज सकाळी बी तसंच झालं. मला कुणी दटावलं न्हाई. अर्लनं माझ्याकडं बगितलं सुदीक न्हाई. हात आपला आपण गेला. एवढी वर्सं झाली, सात समिंदर झाले, तरी गेला." मग त्या सभागृहाकडे वळल्या आणि त्यांनी शेवटचं वाक्य म्हटलं. "तवा मी अलीकडं व्हते. आता पलीकडच्या वस्तीवर मी ऱ्हाती."

मी ते सांगितलं आणि खाली बसले. आत्याबाई उभ्याच राहिल्या. विणकामाच्या सुया थांबल्या होत्या. धान्याच्या दुकानवाला आपल्या बुटांकडे बघत होता.

"आणखी कुणाला बोलायचंय?" लायमनने विचारलं. त्याने सगळीकडे नजर फिरवली.

"पुलाच्या बाजूने असलेल्यांनी कार्ड वर करा."

आत्याबाईंचं कार्ड वर गेलं. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेसुद्धा नाही. मी मात्र निर्लज्जासारखी सगळीकडे मान वळवून बघत होते. रूथचं वर, दुधाच्या डेअरीवाल्या बहिणींची वर. दुकानवाल्याचं अर्धं वर, मग पूर्ण वर. नको नको म्हणत मी अर्लकडे पाहिलं. त्याचं कार्ड मांडीवर होतं. विरोधाची पाळी आली तेव्हा त्याने ते शांतपणे वर केलं. त्याला ट्रक हवा होता, आणि तसं त्याने सांगितलंही होतं. मला त्याचा राग आला नाही.

पूल सहा मतांनी मंजूर झाला.

संध्याकाळी घरी जायला अर्लनेच आम्हाला ट्रकमध्ये घेतलं. मसालेभाताचं रिकामं भांडं आत्याबाईंच्या मांडीवर होतं. लोकांनी शेवटी धीर करून खरवडून नेला होता. पुलाच्या तोंडाशी अर्लने वेग कमी केला. कुजक्या फळ्या कण्हल्या. मधोमध आल्यावर आत्याबाईंनी त्याच्या बाहीला हात लावला आणि त्या म्हणाल्या, "सॉरी, अर्ल. ट्रक." तो म्हणाला, "वर्षभर ढकलतो कसातरी. पुढच्या मार्चला बघू." दोघं एकाच भाषेत बोलले, असं तेवढं एकदाच झालं.

पुढच्या मार्चला ट्रकचा ठराव आला, आणि त्याच्या बाजूने पहिलं कार्ड आमच्या घरातून वर गेलं. तेव्हा दुरुस्त केलेल्या पुलावरून माझी पाच पोरं रोज येत होती. अजूनही मी त्याच घरात राहते.

आत्याबाई त्यानंतर आठ सभांना गेल्या. अर्लने दर वर्षी आपल्या शेजारची खुर्ची धरून ठेवली, आणि दर वर्षी त्यांनी त्याला रामराम करून ती सोडली आणि थेट पहिल्या रांगेत, लायमनच्या नाकासमोर जाऊन बसल्या. तिथे खिडकीतून गारठा यायचा. मी एकदा म्हणाले, "आत्याबाई, मागे शेगडीजवळ बसा की. अर्ल वाट बघतोय."

"नगं," त्या कोट आवळून घेत म्हणाल्या. "हितं बसलं की दुसऱ्या कुणाचा हात दिसत न्हाई."